चकतीची ओढ

कारभारी गेला तेव्हा दगड निम्मा कापून झाला होता. चकती दगडातच राहिली.

माघातली गोष्ट. बनुबाई नेहमीसारखी चाकापाशी बसून मूठ फिरवत होती. एकाएकी चाक जड झालं म्हणून तिनं मान वर केली, तर नवऱ्याचं कपाळ दगडाच्या पकडीवर टेकलं होतं आणि त्याचा सगळा भार त्या पकडीवर आला होता. ती "अवो" म्हणाली. पुन्हा म्हणाली. तेलाच्या कुंडीत वरून थेंब पडत राहिले.

त्यानंतर दगड कापायच्या छपरीचं दार कुणी उघडलं नाही.

पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर त्यांची वस्ती. कालव्याचं पाणी त्यांच्या रानापर्यंत चढत नव्हतं. आखाडात बाजरी पेरली, ती वीतभर आली आणि पावसानं पाठ फिरवली. श्रावण सरत आला तरी आभाळात काही नव्हतं. बाजरी पिवळी पडली, मग पांढरी झाली. धाकटा कानिफनाथ रोज बांधावर जाऊन उभा राहायचा आणि माघारी यायचा. नदीचं पात्र मात्र उघडं पडलं. वाळूतून गोटे वर आले. वरून मातकट, कुरूप; पण फोडले की आत दुधाळ, तपकिरी पट्ट्या निघायच्या. अकीक. थोरला कारभारी पुण्याला खंबायतच्या एका कारागिराच्या हाताखाली हा दगड कापायला शिकून आला होता. त्याच्या कापलेल्या चिपा नगरला जायच्या आणि दुष्काळातही घरात ज्वारी यायची.

"वयनी," एका सकाळी कानिफनाथ दाराशी उभं राहून म्हणाला, "मी छपरी उघडतो."

बनुबाई जात्यावर बसली होती. तिनं दळण थांबवलं नाही.

"उघडा की. घर तुमचं हाय."

"तसं न्हवं. तुमी याल का चाकावर?"

जातं थांबलं. आत चुलीपाशी छबूबाईच्या हातातली फुंकणीही थांबली. छबूबाई म्हणजे कानिफनाथची बायको. तिला त्या छपरीचं भय होतं. परसाकडं जातानासुद्धा ती त्या बाजूनं जायची नाही.

"येते," बनुबाई म्हणाली.

दार उघडलं तेव्हा आतून रॉकेलाचा आणि ओल्या दगडाचा वास आला. दोन खांबांत बसवलेला आस, त्यावर भाकरीएवढी लोखंडी चकती, आणि चकतीचा निम्मा भाग दगडाच्या पोटात. मोठं लाकडी चाक, त्यावरून आसाला गेलेली वादी. कापताना सुटलेला दगडाचा गाळ चिरेत वाळून सिमेंटसारखा झाला होता. कानिफनाथनं दगड धरून हलवला.

"हां हां!" बनुबाई पुढं झाली. "वाकंल. एकदा वाकली की मग ती चकती न्हाई, तवा झाला. ऱ्हाऊ द्या. भिजू द्या आदी."

तिनं चिरेत रॉकेल सोडलं. थेंब थेंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. गाळ मऊ झाल्यावर कोंबडीच्या पिसानं काढला. मग लाकडी ठोकणीनं दगडाच्या बुडाला, पट्टीच्या रेषेवर, हळूच मारलं. दगड आपणहून दुभंगला आणि चकती मोकळी झाली. छबूबाईनं ते दोन्ही तुकडे फडक्यात धरून नदीत नेऊन टाकले आणि अंघोळ करूनच घरात आली.

ही एकच चकती कामाची होती. कारभारीनं आणखी दोन करून ठेवल्या होत्या. एक तांब्याची, ती मऊ, बारक्या मण्यांपुरती. दुसरी जाड पत्र्याची, ती मोठ्या गोट्याला चालायची, पण बारीक चिपा काढताना निम्मा दगड तीच खाऊन टाकायची. ही मधली, मऊ लोखंडाची. तिच्या कडेला केसासारख्या बारीक खाचा होत्या आणि त्या खाचांत हिऱ्याची भुकटी ठोकून बसवलेली होती. कापत ती भुकटी होती. लोखंड नुसतं तिला धरून होतं. लढाई चालू झाल्यापासून तसली भुकटी पुण्यातही मिळत नव्हती.

कानिफनाथ भावाच्या पाटावर बसला. पाट डाव्या अंगाला झिजला होता. त्याला सरळ बसता येईना, म्हणून तोही हळूहळू डावीकडं कलला. बनुबाईनं मूठ फिरवली. चकती तेलात बुडून वर येऊ लागली आणि दगडाला लागल्याबरोबर तिनं आवाज धरला. बारीक, लांब, छातीतून श्वास ओढल्यासारखा.

"जोर लावू नगा," बनुबाई म्हणाली. "दगुड नुसता टेकवायचा. जोर लावला की तापती, आन तापली की हिऱ्याची कणी सोडती."

"दादा सांगायचा का असं?"

ती मूठ फिरवत राहिली.

दिवसभर बसून एक गोटा कापून झाला. कापलेली बाजू कानिफनाथनं तेल पुसून उन्हात धरली. पट्ट्या सुरेख उठल्या होत्या. पण बाजू सरळ नव्हती. वरून सुरू झालेला काप खाली जाता जाता डावीकडं वळला होता, पाणी उताराला वळावं तसा.

दुसरा गोटा तसाच. तिसराही. कानिफनाथनं पकड आवळली, खांबाला पाचर मारली, वादी बदलली. चकती डावीकडंच जायची. कापताना त्याला हाताला ते कळायचं. दगड सरळ पुढं ढकलावा आणि पलीकडून कुणीतरी तो आपल्या अंगाला घ्यावा, असं. बनुबाईलाही मुठीतून ते कळत होतं. फेरा एका ठरावीक ठिकाणी आला की चाक हलकेच अडायचं. अडलं की तिचे ओठ हलायचे. ती काय म्हणते ते कानिफनाथला ऐकू यायचं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

घरात दिवा लागेनासा झाला. रेशनचं रॉकेल कुंडीत जायचं. वापरलेलं तेल बनुबाई फडक्यातून गाळायची, गाळ खाली बसू द्यायची आणि वरचं नितळ पुन्हा कुंडीत घालायची. छबूबाई दिवेलागणीआधीच भाकरी उरकायची आणि धुमसायची.

"मेल्या मानसाला त्याल पाजताय, आन जित्त्यानी आंधारात जेवायचं," ती एकदा म्हणाली.

"तोंड आवर," कानिफनाथ म्हणाला.

त्यानंतर एका दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन छपरीच्या दाराशी आली. नवऱ्याला द्यायला म्हणून तिनं पाऊल आत टाकलं आणि जागीच थिजली. पाठमोरा माणूस डाव्या अंगाला झुकून बसला होता. मान थोरल्यासारखीच तिरपी. खांद्यावर तसंच तेलकट फडकं. तांब्या हातातून सुटला. कानिफनाथनं वळून पाहिलं.

"काय झालं गं?"

छबूबाईनं तोंडावर पदर दाबला होता. तिला तो नवऱ्याचा चेहरा आहे हे पटायला वेळ लागला.

"सरळ बसा," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्या पाया पडते, सरळ बसा."

चिपा घेऊन कानिफनाथ रेल्वेनं नगरला गेला. नृसिंहराव म्हणून एक गृहस्थ होते, सराफांचे आणि प्रयोगशाळांचे तराजू बनवायचे. तराजूची दांडी ज्या बैठकीवर टेकते ती अकीकाची लागते. लोखंड झिजतं, अकीक झिजत नाही. लढाईमुळं जर्मनीहून येणारा माल बंद होता. कारभारीचा माल त्यांनी कधी नाकारला नव्हता.

नृसिंहरावांनी कारभारीची चौकशी केली, गेल्याचं ऐकून चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला. मग एक चिप जाड काचेवर ठेवली आणि बोटानं दाबली. चिप डुलली. टक, टक. दुसरी ठेवली. टक, टक. कामावरचा छगन नावाचा कारागीर मान खाली घालून हसला.

"मला बैठक पाहिजे हो," नृसिंहराव म्हणाले. "हा पाळणा झाला."

"घासून सपाट व्हत्याल, साहेब."

"घासायला चिपेत जीव किती उरतो? कारभारींची चिप काचेवर ठेवली की उचलायला नख घालावं लागायचं." त्यांनी चिपा कानिफनाथच्याच फडक्यात पुन्हा बांधून दिल्या. वाईट वाटत होतं त्यांना, पण हात थांबला नाही. "तुमचा हात बसायला वेळ लागेल. दिवाळीपर्यंत वाट बघतो. मग मात्र मला दुसरीकडं सांगावं लागेल."

कानिफनाथ स्टेशनावर सावलीतसुद्धा बसला नाही. फडकं मांडीवर घेऊन उन्हातच बसून राहिला. फडक्यातल्या चिपा एकमेकींवर वाजत होत्या.

घरी आला तेव्हा शेजारची म्हातारी रंगुबाई ओसरीवर बसली होती. छबूबाईनंच तिला बोलावलं होतं.

"थोरल्याचा जीव त्या चाकात गुतलाय, बाबा," रंगुबाई म्हणाली. "मानूस कामावर बसल्या बसल्या गेला. त्याला कळलंच न्हाई आपुन गेलो म्हून. त्यो वढतोय."

"त्ये लोखांड डोहात टाका," छबूबाई म्हणाली. आणि मग, बनुबाई आत आहे हे ठाऊक असून, आवाज न उतरवता म्हणाली, "आन जाऊबाईंचा भाव हाय श्रीगोंद्याला. तितं ऱ्हात्याल चार दीस. चाकच न्हाई म्हनल्यावर हितं बसून तरी काय करायचं त्येंनी?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

कानिफनाथ सरळ छपरीत गेला. त्यानं आसाची चावी काढली, चकती सोडवली आणि नदीची वाट धरली. डोक्यावर ऊन होतं. पात्रातले गोटे तापून निघाले होते. डोहाशी पोचल्यावर त्याला मागं पावलं वाजली. बनुबाई अनवाणी आली होती, चटके बसत असूनही ती पळत नव्हती.

"वयनी, तुमी माघारी जा. माझ्यानं न्हाई व्हत आता. लोक हासत्यात. घरात पीठ न्हाई आन ह्यो पत्र्याचा तुकडा आमाला नाचवतोय."

"टाका," ती म्हणाली. "म्या कुटं आडवलंय? पर टाकायच्या आदी कडंवरनं बोट फिरवून बगा."

"त्येनं काय व्हतंय?"

"बगा तर."

त्यानं कडेच्या एका अंगावरून अंगठा फिरवला. कातडीला ओरखडा आला. दुसऱ्या अंगावरून फिरवला. काही नाही, जुन्या बांगडीसारखं गुळगुळीत. त्यानं पुन्हा पहिली बाजू तपासली, पुन्हा दुसरी. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब आला होता.

बनुबाई एका गोट्यावर पदर टाकून बसली.

"श्येवटची कणी त्येंनीच भरली," ती म्हणाली. "पौषात. चकती म्या धरली हुती. उजव्या बरगडीत कळ यायची, हात वर व्हईना. मग हातोडी डाव्या हातात घेतली. एक घाव घालायचे, खोकायचे, मग दुसरा. सगळं घाव तिरपं पडलं. एका अंगाची कणी बसली, दुसऱ्या अंगाची तेलासंगं वाहून गेली."

"मंग तुमी त्याला बोलला का न्हाई तवाच?"

"त्येंना काय बोलू? तुमचा हात गेला आसं सांगू?"

कानिफनाथ पाण्याकडं बघत राहिला. डोह हिरवा, हलत नसलेला.

"म्हंजी दादा वढत न्हाई," तो म्हणाला.

बनुबाईनं त्याच्याकडं नवलानं बघितलं.

"त्येच वढत्यात की. दुसरं कोन?"

दोघं चकती घेऊन माघारी आली. पहिल्यांदा त्यांनी ती आसावर उलटी करून बसवली. आता काप उजवीकडं वळायला लागला. मग पक्क्या विटेचा तुकडा लावून बघितला. वीट चकतीला घासली की लोखंडाचा वरचा थर जातो आणि दबलेली कणी उघडी पडते. बोथट चकतीला तेवढं पुरतं. थोडा फरक पडला, पण जिथं कणीच नव्हती तिथं वीट तरी काय उघडं करणार? आता एकच राहिलं होतं. जुन्या खाचा घासून मोडायच्या, कड गोल करायची, नव्या खाचा पाडून नव्यानं कणी ठोकायची. कोंबडीच्या पिसाच्या नळीत थोडी भुकटी कारभारीनं जपून ठेवली होती. नळी कुठं आहे ते बनुबाईला ठाऊक होतं.

पण ती उठेना. चकती मांडीवर घेऊन छपरीत बसून राहिली. कानिफनाथनं घाई केली नाही. तो दिवसभर पात्रात फिरून गोटे गोळा करायचा, ठोकून आवाज ऐकायचा, भेग असलेले टाकून द्यायचा.

शेवटी छबूबाईच आली. ती छपरीच्या उंबऱ्यावर बसली, एक पाय आत, एक बाहेर.

"श्रीगोंद्याचं बोलले ते भ्याले म्हून बोलले," छबूबाई म्हणाली. "मनावर घेऊ नगा."

"भ्या मला बी वाटतंय."

"कशाचं? थोरल्याचं?"

बनुबाई कडेवरून बोट फिरवत होती. तिला ओरखडा येत नव्हता. कातडी तेवढी जाड झाली होती.

"चाक फिरवताना हाताला वढ लागती," ती म्हणाली. "पयल्या दिसापासनं वळखली म्या. त्येंचा खोकला आला की घाव कसा पडायचा, त्ये मला हाताला समजतं. रोज समजतं. ह्ये घासलं की ऱ्हायलं काय?"

छबूबाईनं बाहेरचा पाय आत घेतला. तशीच जवळ सरकली आणि बनुबाईच्या मांडीवरची चकती दोन्ही हातांनी उचलून धरली, आजवर जिला स्पर्श केला नव्हता ती.

"मी धरते," ती म्हणाली. "तुमी घासा."

सकाळी काम सुरू झालं. धार लावायचा कुरुंदाचा दगड पाण्यानं ओला केला, कारण कोरडं घासलं की भुगा छातीत जातो, आणि कारभारीच्या खोकल्यानंतर या घरात ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. छबूबाई चकती फिरवत होती, बनुबाई कड घासत होती. खाली ताटलीत काळा गाळ जमला. तो बनुबाईनं फेकला नाही. त्यातही थोडी जुनी कणी असणार होती. हळूहळू खाचा पुसट झाल्या. एका ठिकाणी त्या जास्त खोल होत्या. तिथं आल्यावर बनुबाईचा हात थांबला. छबूबाईनं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं घासणं पुन्हा सुरू झालं.

मग बनुबाईनं सुरीची धार कडेवर ठेवून हलक्या हातोडीनं ठोकायला सुरुवात केली. एका अंगानं, मग चकती उलटवून दुसऱ्या अंगानं. सरळ, सारख्या जोराचे घाव. पिसाच्या नळीतली भुकटी आणि निवळलेला गाळ तेलात कालवून तिनं बोटानं खाचांत भरला आणि खाचा ठोकून मिटवल्या. तिचे खांदे भरून आले. हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावीशी वाटली, पण तिनं घेतली नाही. दुखायला लागलं की ती थांबायची, हात सोडून बसायची, आणि मग त्याच हातानं पुन्हा ठोकायची.

चकती आसावर चढली तेव्हा कानिफनाथ पाटाकडं वळला.

"तुमी चाकावर बसा, नाथभावजी," बनुबाई म्हणाली. "दगुड मी धरते."

तो चाकाकडं गेला. तिनं झिजलेला पाट बाजूला सारला आणि भुईवर मांडी घातली. गोटा पकडीत आवळला. चाक फिरू लागलं. चकती दगडाला लागली, पण आवाज वेगळा होता. कोरडा, एकसुरी. त्यात श्वास नव्हता. बनुबाईनं दगड नुसता टेकवून ठेवला. तो सरळ पुढं जात होता. पलीकडून कुणी घेत नव्हतं.

चिप सुटली. कानिफनाथनं चाक थांबवलं. छबूबाईनं भिंतीवरचा आपला आरसा काढून आणला आणि जमिनीवर पालथा न ठेवता, काच वर करून ठेवला. कानिफनाथनं चिप पुसली, काचेवर ठेवली, बोटानं एका कोपऱ्याला दाबली. मग दुसऱ्या. चिप हलली नाही. उचलायला गेला तर काचेला चिकटून बसली. नख घालून काढावी लागली. हीच चिप आणि तिच्यानंतरच्या कितीतरी नृसिंहरावांनी दिवाळीआधी ठेवून घेतल्या, आणखी मागितल्या, आणि त्या वर्षी त्या घराला दाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावं लागलं नाही. पण ते सगळं पुढचं. त्या क्षणी कानिफनाथ नुसता हसला आणि वहिनीकडं बघितल्यावर त्याचं हसू विरलं.

बनुबाई चकतीकडं बघत होती. तिनं हात पुढं करून चाक स्वतःच थोडं फिरवलं. मग थोडं मागं. मग सोडून दिलं. चाक कुठंही न अडता फिरलं आणि आपणहून थांबलं.

"जाऊबाई," छबूबाईनं हळूच विचारलं, "गेलं का वो थोरलं?"

बनुबाईचे ओठ हलले.

"व्हय," ती म्हणाली. "आज गेलं."

आणि तिनं हंबरडा फोडला. माघात माणसं जमली होती तेव्हा ती कामं करत होती, पाणी भरत होती, लोकांना बसायला घोंगडी देत होती. आता तिचं अंग पुढं मागं हेलकावत होतं, तेलकट हात कपाळावर आपटत होते, आणि आवाज छपरीच्या बाहेर, वाळलेल्या बाजरीवरून लांबवर जात होता. कानिफनाथ चाकाची मूठ धरून उभाच राहिला. छबूबाईनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

आवाज ऐकून रंगुबाई धापा टाकत आली. तिच्या पायात काटा मोडला होता तरी ती थांबली नव्हती. दाराला धरून तिनं आत एकेकाचं तोंड बघितलं. सगळी जिवंत होती.

"आगं, कोन गेलं?" तिनं विचारलं.

"आमचं थोरलं," छबूबाई म्हणाली.

रंगुबाईनं एकवार तिच्याकडं पाहिलं, एकवार त्या चाकाकडं. मग तिनं पदर डोक्यावरून खाली ओढला, बनुबाईच्या शेजारी भुईवर बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकून रडू लागली.